श्रद्धेतून सर्जनाकडे, २,२०० रुपयांत

पैसे वसूल झाले का, ते आधीच सांगून टाकते. झाले. पण जाहिरातीत जे कबूल केलं होतं त्यामुळे नाही.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी, म्हणजे २ आणि ३ तारखेला, मी लालबागला शाडूचा गणपती करायला शिकवतात त्या कार्यशाळेला गेले होते. फी २,२०० रुपये. त्यात चार किलो भिजवलेली माती, एक पाट, कोरण्यांचा संच, दोन वेळा चहा आणि शनिवारचं जेवण. रंगकामासाठी पंधरा दिवसांनी आणखी एक अर्धा दिवस. संस्थेचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे एका बॅचला पंधराच जण घेतात आणि मला पुढच्या वर्षी जागा हवी आहे.

जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत ‘श्रद्धेतून सर्जनाकडे’ असं होतं. मी गेली एकोणीस वर्षं मसाल्याच्या आणि पापडाच्या पाकिटांची डिझाइनं करते, त्यामुळे असल्या ओळी कुठून येतात ते मला ठाऊक आहे. तरी ही डोक्यात अडकली, कारण आमच्या घरात हा तंटा जुना आहे. नवऱ्याचं म्हणणं, देव आला की डोकं सुट्टीवर जातं. सासूबाईंचं म्हणणं, डोक्यात जे येतं ते काय तू डी-मार्टमधून आणतोस, देणारा कोणी आहे म्हणूनच येतं ना. मी दोघांच्या मधे. संध्याकाळी दिवा लावते, आणि एखाद्या क्लायंटने पाकिटावर लक्ष्मी हवी म्हटलं की तिच्या साडीचा रंग पाकिटाला शोभेल तोच घेते. म्हटलं, बघून तर येऊ.

भांडुपहून स्लो लोकलने करी रोड, तिथून चालत. लालबागला ऑगस्टमध्ये दोन वास असतात, मिरची-मसाल्याचा आणि ऑइलपेंटचा. हॉल एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. पंधरा माणसं, दोन पंखे, एक संडास, आणि त्याची कडी आतून लागत नाही. बायकांनी आळीपाळीने दाराशी उभं राहून पहारा दिला. एवढ्या फीमध्ये एक कडी बसवून घेता आली असती.

पहिला सव्वा तास वाया गेला. संचालक तिशीतला मुलगा, काळा कुर्ता, गळ्यात माइक. आधी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, मग पडद्यावर स्लाइड. डावीकडे ‘परंपरा’, त्याखाली नियम, भीती, पुनरावृत्ती. उजवीकडे ‘सर्जन’, त्याखाली मुक्ती, प्रश्न, नावीन्य. मधे बाण. आपण या दोन दिवसांत या बाणावरून चालायचं आहे, असं तो म्हणाला.

तो बाण बघून मला माझी आई आठवली. कुडाळला आमच्या घरी ती सकाळी ज्ञानेश्वरीची पहिली पानं वाचायची, आणि लहानपणी मला त्यातला गणपती काही केल्या डोळ्यांसमोर येत नसे. कारण त्याला सहा हात आहेत. तत्त्वज्ञानाची सहा शास्त्रं, म्हणजे सहा दर्शनं, म्हणून सहा हात. तर्क हा परशू, न्याय हा अंकुश, वेदान्त हा मोदक, आणि सरळ निर्मळ सोंड म्हणजे विवेक. मोडलेला दात? पुराणांत त्याच्या गोष्टी आहेत, परशुरामाने मोडला वगैरे. ज्ञानेश्वर त्या सगळ्या बाजूला ठेवतात आणि म्हणतात, हा दात म्हणजे शास्त्रांवर भाष्य करणाऱ्या वार्तिककारांनी खोडून काढलेलं बौद्धमत. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, पुरता श्रद्धावान, गीतेवर बोलायला बसलाय आणि सुरुवातीलाच देवाची मूर्ती नव्याने घडवतोय. वाद घालणारी शास्त्रं त्याच्या हातात देतोय. हे बाणाच्या कुठल्या बाजूला टाकायचं?

किंवा फाळके घ्या. लालबागहून टॅक्सीने जाण्याच्या अंतरावर, गिरगावातल्या थिएटरात ते ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण येत होता, गोकुळ येत होतं. त्यातून १९१३ साली गिरगावातच, कॉरोनेशनमध्ये, आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट लागला, तोही हरिश्चंद्राचा. पण मी हात वर केला नाही. माइक त्याच्याकडे होता आणि मला भूक लागली होती.

एक मात्र मान्य करते. त्या डाव्या रकान्यातला ‘भीती’ हा शब्द खोटा नव्हता. ते पुढे येईलच.

साडेअकराला काका आले आणि कार्यशाळा सुरू झाली. सत्तरीचे, बनियन, लेंगा, खांद्यावर पंचा. परळच्या कारखान्यांत पंचेचाळीस वर्षं गणपती केलेले. नमस्कार वगैरे काही नाही. कोपऱ्यातला खराटा घेतला, त्यातली एक काडी मोडली आणि आमच्यासमोर धरली. “हे गणपतीचं तोंड. उभा केला तर अशी पाच तोंडं. जास्त झाली की तो गणपती राहत नाही, सोंड लावलेला माणूस होतो.”

याला शिल्पशास्त्रात ताल म्हणतात, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी परीक्षेनंतर विसरले होते. तोंडाची लांबी हे माप. मोठ्या देवांना नऊ-दहा ताल, गणपतीला पाच. आपल्यासारखी मोठी माणसं साधारण साडेसात डोक्यांची असतात. आणि चार-पाच वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं असतं. मी काडी हातात घेऊन बसले होते आणि हे डोक्यात जुळलं तेव्हा अंगावर काटा आला. एवढं पोट, हत्तीचं तोंड, चार हात, आणि तरी बघता क्षणी त्याला उचलून घ्यावंसं का वाटतं, तर त्याचं माप लहान मुलाचं आहे. ज्याने कोणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याने नियम केला असं म्हणायचं की शोध लावला?

काकांनी प्रत्येकाला आपापली काडी मोडून घ्यायला लावली. तुमची मूर्ती, तुमचं माप. माझी काडी पावणेदोन इंचांची. ती अजून माझ्या पेन्सिलींच्या डब्यात आहे.

पंधरातल्या नऊ जणांनी साचा घेतला. साच्यात माती दाबायची, काढायची, सांधे पुसायचे, मग नाकडोळ्यांत आपापले फेरफार. मला वाटलं काका नाक मुरडतील. त्यांनी उलट साच्यात माती कशी समान जाडीने दाबायची ते नीट शिकवलं. “साचा म्हणजे पीओपी आणि हात म्हणजे शाडू, असं कोण सांगतं तुम्हाला? शाडूपण साच्यातच काढतात. एका माणसाने चतुर्थीपर्यंत तीनशे मूर्ती हाताने केल्या तर त्याने जेवायचं कधी?” कोर्टातल्या वादावरही ते असेच बोलले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना पीओपीच्या विरोधात. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात सोडायला नाही. काकांचं म्हणणं, पीओपी अर्ध्या तासात घट्ट होतं म्हणून ते माणसाला आवडतं, बाकी काही नाही.

मी हाताने करायचं ठरवलं. उगाच शूरपणा.

आधी पाटावर बैठक. मग पोटाचा गोळा. मांड्या बाजूने लावायच्या, पण ओल्याला ओलं नुसतं टेकवून चालत नाही. दोन्हीकडे कोरणीने ओरखडे काढायचे, मधे पातळ चिखल, मग दाबायचं. छाती, खांदे, डोकं. माती थोडी सुकली की मूर्ती आडवी करून खालून पोट पोखरायचं, नाहीतर बाहेरून सुकते, आत ओली राहते आणि तडकते. हात सगळ्यात शेवटी, कारण ते बारीक. हातांच्या मातीत काका कापसाचे तंतू कुस्करून घालत होते. हे सगळं त्यांनी बोलून कमी आणि करून जास्त दाखवलं. माझ्या मांडीचा आकार बिघडला तेव्हा नुसता अंगठा ओला करून एकदा खालून वर फिरवला. झालं. मी तसाच अंगठा अकरा वेळा फिरवला, मांडी होती तशीच राहिली.

माझ्या शेजारी आयटीतला एक मुलगा होता. त्याला गणपतीच्या कानांवर हेडफोन घालायचे होते. संचालक खूश, “वा, हेच सर्जन!” काकांनी विचारलं, “मंडळाचा काय घरचा?” मुलगा म्हणाला, घरचा. “पुजेला बसणार?” हो. “मग नको. शेजारी दुसरा कर, त्याला घाल.” मुलगा हिरमुसला. त्याला वाटलं काका जुन्या वळणाचे. मग चहाला कळलं की काकांनी उंदराच्या रथातला, क्रिकेटच्या पॅडमधला, अंतराळवीराच्या पोशाखातला, सगळे गणपती केलेत. मंडळात बहुतेक ठिकाणी दोन मूर्ती असतात ना. मोठी उत्सवमूर्ती, लोकांनी बघायची. आणि तिच्या पायाशी एक फूटभराची, पुजेची. मोठीला काय हवं ते करा. धाकटीला हात लावू नका. काका म्हणाले, “खेळायला अंगण दिलंय की देवाने. देवघरातच कशाला चेंडू मारायचा?”

हे ऐकून मला माझं काम आठवलं. आमच्याकडे क्लायंट ब्रीफ देतो, म्हणजे काय हवं ते लिहून देतो. वाईट ब्रीफ म्हणजे ‘काहीतरी हटके करा’, त्यावर तीन आठवडे काही सुचत नाही. चांगलं ब्रीफ घट्ट असतं. जेवणाच्या सुट्टीत मी अथर्वशीर्ष मनात म्हणून बघितलं, ब्रीफ म्हणून. एक दात. चार हात. पाश, अंकुश, मोडलेला दात आणि वर देणारा हात. मोठं पोट, तांबडा रंग, तांबडी वस्त्रं, सुपासारखे कान, ध्वजावर उंदीर, तांबडं गंध, तांबडी फुलं. संपलं. सोंड वाकडी, पण कुठे वळवायची ते नाही. हातात मोदक नाहीच, मोदक येतो तो खाली फलश्रुतीत, नैवेद्याला. मुकुटाची नक्षी, चेहऱ्यावरचे भाव, बसायची ढब, काही नाही. इतकी मोकळी जागा मला आजवर एकाही मसाला कंपनीने दिलेली नाही. आणि ती मोकळी जागा आपण कशाने भरतो, तर कॅलेंडरने. रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला. त्या आणि नंतरच्या छापखान्यांनी घरोघरी पोचवलेले गुलाबी गालांचे देव आपण हजार वर्षांची परंपरा समजून बसलो आहोत.

सुपासारखे कान. हा शब्द मी शेकडो वेळा म्हटला असेन, पण हातात माती असताना पहिल्यांदा ऐकू आला. शनिवारी रात्री घरी जाऊन माळ्यावरून आईचं जुनं बांबूचं सूप काढलं. काठ सुटलेला, तांदूळ पाखडून पाखडून मऊ झालेलं. त्याचा हातभर तुकडा कापला आणि रविवारी सकाळी घेऊन गेले. कानांची माती लाटली, सुपाचा तुकडा त्यावर ठेवला, वर लाटणं फिरवलं. उचलला तर मातीवर विणीचा हुबेहूब ठसा. वरची पट्टी, खालची पट्टी, एके ठिकाणी आईने सुतळीने केलेली डागडुजी, तीसुद्धा. ते कान लावले.

काका मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी घाबरले. हाच तो ‘भीती’ शब्द. पुजेच्या मूर्तीशी खेळ केला, आता ऐकावं लागणार. काका म्हणाले, “सूपच केलंस.” मग, “हे मी आजपर्यंत केलं नाही.” आणि लगेच, “जाडी कमी झालीय गं. सुकताना सांभाळ.”

संचालकाने माझ्या कानांचे फोटो काढून त्यांच्या पानावर टाकले. खाली लिहिलं, ‘परंपरेची चौकट मोडताना’. मी चौकट मोडली नव्हती. मी ती पहिल्यांदा वाचली होती. त्याला तसा मेसेज केला, त्याने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

आता मुख्य तक्रार. मूर्ती सुकवण्याची जबाबदारी त्यांची होती, फीमध्ये धरलेली. शाडू सावलीत, झाकून, हळूहळू सुकवायची असते. काकांनी निघताना दोनदा बजावलं. १७ तारखेला रंगकामाला गेलो तर पंधराही मूर्ती एका ओळीत पंख्याखाली उघड्या. कोणीतरी लवकर सुकाव्यात म्हणून पंखा लावून ठेवला होता. पातळ भाग आधी सुकतो, आधी आखडतो, जाड भाग अजून ओलाच. चार मूर्तींना तडे. माझ्या गणपतीचा डावा कान मुळापासून अर्ध्यापर्यंत उललेला. भरपाई म्हणून संचालकाने पुढच्या वर्षी दहा टक्के सूट देऊ केली. आणि त्याच दिवशी कळलं की नैसर्गिक रंगांचे ३५० रुपये वेगळे. हे जाहिरातीत कुठेही नव्हतं. गेरू, हळद, पेवडी, काजळी आणि डिंक. रंग चांगले आहेत, पण हे आधी सांगायचं असतं.

काकांनी मला रंगवू दिलं नाही. “आधी कान. सुक्याला ओलं धरत नाही. सुक्याला पाणी पाज, दिवसभर थोडं थोडं. मग कागदाचा लगदा आणि हीच माती, डिंकात. नुसती माती भरलीस तर तीपण आखडेल, परत फट.” म्हणून मी त्या दिवशी नुसती बसून राहिले आणि बाकीच्यांच्या मूर्तींची आखणी बघितली. डोळ्यांची आखणी.

या एका तासासाठी मी पूर्ण फी पुन्हा भरेन. बारीक ब्रश, चार-पाच केसांचा. काका मूर्तीसमोर पाटावर बसले, पुजेला माणूस बसतो तितक्याच उंचीवर. नजर तिथे उतरली पाहिजे म्हणाले, घरातल्या माणसाच्या डोळ्यांत. वर लागली तर तो तुमच्या माळ्याकडे बघत बसेल. वरची पापणी एका ओढीत. मग बुबुळं, दोन्ही एका दमात, मधे श्वास नाही. हॉलमध्ये कोणी बोलत नव्हतं. ब्रश उचलला, काकांनी श्वास सोडला आणि आमच्या सगळ्यांचाही सुटला. श्वासाकडे लक्ष द्यायचं सत्र त्या मुलाने इथे ठेवायला हवं होतं.

मी धीर करून विचारलं, “काका, तुम्ही मानता का हो देव?” ते ब्रश पुसत होते. “आमच्या मुंबईच्या घरी गणपती नसतो. गावच्या मूळ घरात एकच, भाऊ बघतो. चतुर्थीला मी झोपलेला असतो. पंधरा रात्री जागलेल्या असतात.” एवढंच. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बघ, मानत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, पंधरा रात्री कोण जागतं उगाच?

घरी आणलेली मूर्ती बघून सासूबाईंनी पहिली गोष्ट विचारली ती कानाची. “भंगलेली मूर्ती पुजत नाहीत.” आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त काळजी. दहा दिवसांनी बाजारातून दुसरी आणायची आणि ही शोकेसमध्ये ठेवायची असं ठरायला लागलं. नवरा मधेच म्हणाला, मातीला कसला नियम, आणि त्याने गोष्ट आणखी बिघडवली. शेवटी मी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

काका म्हणाले, “वहिनी, प्राणप्रतिष्ठा झाली काय?”

“नाही. ती चतुर्थीला.”

“मग अजून ती मातीच. मातीला काय भंग? पोळी लाटताना फाटली तर तुम्ही टाकता काय? लावा माती. प्राण आल्यावर मात्र हात लावायचा नाही. आणि उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची हलवली, की परत माती.”

सासूबाई जरा वेळ गप्प. मग मला म्हणाल्या, “लगदा माझ्या जुन्या मिक्सरमध्ये काढ. चांगल्यात नको.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पार्थिव गणपती म्हणजेच मातीचा, हे व्रतातच आहे. लहानपणापासून उत्तरपूजेनंतर गुरुजी मूर्ती जरा हलवतात ते बघितलंय. पण त्यातून काम करणाऱ्याला केवढी मुभा मिळते हे कधी ध्यानात आलं नव्हतं. चतुर्थीच्या सकाळपर्यंत हवं ते करा, मोडा, पुन्हा लावा, आईच्या सुपाचे ठसे मारा. मग दीड दिवस हात बांधून समोर बसा. मग विरघळवा. आमच्या धंद्यात एक डिझाइन चाललं की तेच दहा वर्षं गळ्यात पडतं. माझ्या एका हळदीच्या पाकिटाला यंदा चौदावं वर्ष आहे, बघवत नाही मला ते.

कान जोडायला पाच दिवस गेले. सुपाचा तुकडा होता म्हणून ठसा परत मारता आला, पण लगद्यावर तो फिकट उठला. उजव्या कानावर आईची सुतळी दिसते, डाव्यावर नाही. डोळे मी २६ तारखेच्या रात्री आखले, साडेबाराला, टीव्ही बंद करून घेऊन. उजवा बरा. डावा किंचित मोठा. २७ ला पूजा सांगायला आलेले गुरुजी मंत्र म्हणता म्हणता कानांकडे बघत होते. ‘शूर्पकर्णकं’ आलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

गुण द्यायचे तर: काकांना पाचपैकी पाच. माती आणि पाट, चार. कोरण्यांचा संच अडीच, लाकडी दोन ठीक, तारेची पहिल्या दिवशीच वाकली. जेवण चांगलं, वालाचं बिरडं होतं, तक्रार नाही. स्लाइडना अर्धा, तोही बाण सरळ काढलाय म्हणून. मूर्ती सुकवण्याचा शून्य. जाणार असाल तर साडेअकराला पोचा, मधला सव्वा तास चिवडा गल्लीत घालवा. सुकवायला मूर्ती तिथे ठेवू नका, पाटासकट रिक्षा-टॅक्सीने घरी न्या, वर ओलसर सुती कापड. लहान मुलांना न्यायचं असेल तर साचाच घ्या. आणि ज्यांना देव-बीव काही नाही त्यांनीही जायला हरकत नाही. आमच्या बॅचमधल्या दोघांनी पहिल्याच दिवशी तसं सांगून टाकलं होतं. काकांनी त्यांच्याही हातात खराट्याची काडी दिली.

दीड दिवसाने विसर्जन, बाल्कनीत, मोठ्या टबात. सूप आधी गेलं. कानांवरची वीण पाण्यात पहिल्या दहा मिनिटांत पुसली. पोट रात्रभर होतं. सकाळी वरचं पाणी जास्वंदीला घातलं, खाली चार किलोला थोडी कमी माती. ती गाळून डब्यात भरली, वर ओलं फडकं. कागदाचा लगदा वेगळा काढायला वेळ लागला.

परवा सासूबाईंनी डबा उघडून बघितला, फडक्यावर पाणी शिंपडलं. मला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी काय हवे ते कान कर. फक्त सोंड उजवीकडे वळवू नकोस. तेवढं सोवळं मला आता झेपायचं नाही.”